म्हातारी उजळली कशी

राग आला की लोक ओरडतात, मी गाडी पळवतो. आमच्या गोदामात सगळ्यांना ठाऊक आहे, माझी फोर्कलिफ्ट रिकामीच इकडून तिकडं फिरायला लागली की समजायचं, आज ह्याच्या वाटेला जायचं नाही. मेहुणा पडला त्यानंतर मी इतकी रिकामी गाडी फिरवली की फिटर म्हणाला, "अहो, त्या टायरांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

गाडीची ओळख आधी करून देतो, कारण पुढं सगळं तिच्यावरच येणार आहे. तिला आम्ही म्हातारी म्हणतो. मी कामाला लागलो तेव्हाच ती जुनी होती. कागदोपत्री रंग पिवळा. पण वंगण, धूळ आणि टायरची काजळी यांचे इतके थर बसलेत की कुणी रंग विचारला तर मी सांगतो, तंबाखू खाणाऱ्याच्या दाताचा. बायको एकदा डबा द्यायला आली होती. म्हातारीकडं बघून म्हणाली, "हिच्यापेक्षा तुम्ही बरे दिसता." लग्नानंतर तिनं केलेलं तेवढंच कौतुक.

आता मालधक्का. गोदामाची फरशी जिथं संपते तिथं ट्रक मागून येऊन लागतो. ट्रक नसला की तिथून खाली माणसाच्या छातीएवढा खड्डा. त्या कडेला पिवळा पट्टा मारलेला असतो. म्हणजे असायला पाहिजे. उलटं चालत माल ओढणाऱ्याला नजरेच्या कोपऱ्यातून पिवळं दिसलं की पाय आपोआप थांबतो. आमच्याकडचा पट्टा कधीच मेला होता. टायरनी घासून घासून काळा पडलेला, म्हातारीच्याच जातीचा. "साहेब, पट्टा मारून घ्या," म्हणून मी किती वेळा तोंड वाजवलं त्याला हिशेब नाही. साहेब म्हणजे आमच्या गोदामाचा मॅनेजर. त्याचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या महिन्यात बघू." तो महिना काही उगवला नाही.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हमाली करतो, पण त्याला माल कमी आणि बोलणं जास्त. त्या दुपारी हातगाडीवर खोकी रचून, ती ओढत उलटा येत होता. ट्रक नुकताच निघून गेलेला. हा कडेवरून थेट खाली, आणि वरून हातगाडी. खुब्याचं हाड मोडलं. मी म्हातारी जिथं होती तिथंच सोडली आणि खाली उडी टाकली. एरवी ज्याचं तोंड बंद करायला हात जोडावे लागतात, तो मेहुणा पांढराफटक पडून मला एकच वाक्य म्हणाला, "दाजी, पट्टा दिसलाच नाही हो."

त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेत होतो तेव्हा फाटकातून जावई आत शिरताना दिसला. गळ्यात कॅमेरा. साहेबानं फोटो काढायला बोलावलं होतं. मला बरं वाटलं. म्हटलं, घरचाच माणूस आहे, खरं काय ते येईल फोटोत.

जावयाला अरेतुरे करायचं नाही हा आमच्या बायकोचा कायदा. ती आत्ता समोर नाही म्हणून एकेरीत सांगतो. जावई आमच्याच कंपनीत, पण हेड ऑफिसला. मालाचे फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर ते सजवायचे, हे त्याचं काम. आणि ह्या कामाला त्याला लावला कुणी? मेहुण्यानंच. साहेबाच्या डोक्यावर बसून बसून, "आमच्या भाचीचा नवरा हिरा आहे हिरा, एकदा फोटो तर बघा."

मागं एकदा घरी आला होता तेव्हा हिऱ्यानं मला त्याची विद्या शिकवली होती. लॅपटॉपवर आमच्या घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो उघडला. बाजूला रंगांची रांग, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि अजून कायकाय. प्रत्येक रंगापुढं एक तार आणि तारेवर एक मणी. मी आपलं मणी म्हणतो, त्याचा शब्द वेगळा होता.

"ह्याला ल्युमिनन्स म्हणतात, बाबा. रंग बदलत नाही. त्या रंगात उजेड किती, तेवढंच बदलतं. उजवीकडं नेलं की तो रंग उजळतो, डावीकडं नेलं की काळवंडतो."

"मग सगळा फोटोच उजळ करा की, जावईबापू. एकेका रंगाची मनधरणी कशाला?"

"सगळा उजळला की भिंती, चेहरे, आकाश, सगळंच फटफटीत होतं. कुणाच्याही लक्षात येतं. हे कसं, एकच रंग उचलायचा. बाकीचं जिथल्या तिथं. बघणाऱ्याला वाटतं, फोटो असाच आलाय."

मी निळा मणी धरला आणि डावीकडं ओढला. बायकोचा निळा स्वेटर कोळशासारखा झाला. शेजारी मेहुण्याची टोपी निळी, मागचा दरवाजा निळा, ते पण काळे ठिक्कर.

"माझ्या स्वेटरचं काय केलंत?" बायको मागून ओरडली.

"अगं, मी फक्त स्वेटरला सांगितलं होतं. दरवाजानं पण ऐकलं."

जावई हसला. म्हणाला, "बाबा, त्याला वस्तू कळत नाहीत. त्याला फक्त रंग कळतो. निळं म्हणजे निळं, मग ते कुणाचं का असेना."

हे सगळं हसण्यावारी गेलं. आम्ही जेवलो आणि विसरलो.

तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून थेट कामावर गेलो. बघतो तर मालधक्क्याच्या कडेला पट्टा. ओला. लखलखीत पिवळा. इतकी वर्षं न उगवलेला महिना एका सकाळीत उगवला होता. मी तिथंच उभा, तोवर साहेबाचं बोलावणं आलं.

केबिनमध्ये त्यानं टेबलावरून फोटो माझ्यापुढं सरकवला. "अपघात झाल्या झाल्या काढलाय. तुमच्याच जावयानं. नीट बघा."

उलटलेली हातगाडी. फुटलेली खोकी. मळकी फरशी, मळक्या भिंती, जशा आहेत तशाच. आणि कडेला पट्टा, डोळ्यांत भरणारा.

"पट्टा दिसतो का?"

"दिसतो, पण साहेब..."

"आंधळ्याला दिसेल असा दिसतो. सकाळी वरून जरा हात फिरवून घेतला, पण आधी होताच. म्हणजे काय झालं? तुमचा मेहुणा गप्पा हाकत उलटा चालत होता. निष्काळजीपणा. चौकशीत हेच जाणार. आणि असल्या माणसाला कंपनी कामावर ठेवत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको."

रोज ज्या कडेवरून गाडी फिरवतो, ती कड मला तोंडपाठ आहे. पण फोटो समोर होता, फरशीवरचा तेलाचा डाग पण जिथल्या तिथं होता. क्षणभर मला माझ्याच डोळ्यांचा संशय आला. बाकीचं सगळं एकवेळ सोडून देईन, पण त्या क्षणाचा राग मला अजून येतो. माझे डोळे माझ्याविरुद्ध साक्षीला उभे केले ह्या लोकांनी!

आणि मग फोटोच्या कोपऱ्यात मला म्हातारी दिसली. मी सोडून गेलो होतो तिथंच उभी. पण कशी! शोरूममधून आत्ताच बाहेर काढल्यासारखी. उजळ, टवटवीत, पिवळी जर्द.

मी निघालो तो थेट फिटरच्या अंगावर गेलो. "माझ्या माघारी म्हातारीला आंघोळ कुणी घातली?"

"काय?"

"साहेबानं फोटोसाठी गाडी धुऊन घेतली ना तुझ्याकडून? बोल खरं!"

"अहो, मला माझं तोंड धुवायला फुरसत नाही. तुमची म्हातारी कुठं धुऊ? चला, दाखवा मला कुठं धुतलीय."

गेलो. म्हातारी होती तशीच. मी बोनेटवर बोट फिरवलं तर नखापर्यंत काळं झालं. फिटर म्हणाला, "काल धुतली आणि आज एवढी मळली? मग ती रात्री बाहेर कुठं जाते ते बघा."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो, आणि माझ्या डोक्यात तो मणी सरकला. पिवळा मणी. उजवीकडं, पार शेवटापर्यंत. फरशी करडी, ती तशीच राहिली. खोकी तपकिरी, म्हणजे नारिंगीत मोडणारी, ती तशीच राहिली. फक्त पिवळं उचललं. काजळीखाली पट्ट्याचं जे थोडंफार पिवळं जीव धरून होतं, ते पेटलं. पण मण्याला कुठं ठाऊक की पट्टा तेवढा उजळायचा आणि म्हातारी सोडायची? पिवळं म्हणजे पिवळं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुट्टी होईपर्यंत म्हातारी रिकामी पळवली. तेव्हाच ते टायरांच्या घोड्याचं बोलणं झालं.

संध्याकाळी लेकीच्या घरी गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या, दाराशी चपलांची रांग. लेकीनं दार उघडलं. "बाबा, असे अचानक? मामा बरा आहे ना?"

"मामा आहे तसाच आहे. जावईबापू घरात आहेत का?"

जावई आतल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला होता. मी समोर खुर्ची ओढली. आवाज ताब्यात ठेवून म्हटलं, "जावईबापू, तो फोटो जरा दाखवता का?"

"कुठला, बाबा?"

"ज्यात माझी म्हातारी नवरी झालीय."

त्याचा चेहरा उतरला. लेकीला काही कळेना. "म्हातारी कोण?"

"तुझ्या बापाची गाडी. तुझ्या नवऱ्यानं तिला पावडर लावलीय."

जावई खाली बघून बोलायला लागला. "साहेब म्हणाले, फोटो अंधारा आलाय. पट्टा नीट दिसत नाही, दिसेल असा करून द्या. बाबा, मी त्यात काही घातलं नाही, काही पुसलं नाही. तिथं पिवळं होतंच. रंग तोच आहे."

"रंग तोच, उजेड तेवढा वाढवला. तुम्हीच शिकवलंय मला. बरोबर?"

"हो."

"मग मला एवढंच सांगा. मेहुणा उलटा चालत आला तेव्हा हा उजेड कुठं होता?"

त्यानं लॅपटॉप थोडा आपल्याकडं वळवला.

"फोटो कशाला पाहिजे होता, ते ठाऊक होतं तुम्हाला?"

"...अंदाज होता."

झालं. बायकोचा कायदा तिथल्या तिथं मोडला. "अंदाज होता? अरे गाढवा! ज्याच्या हाडाचा चुरा झालाय त्यानं तुला ह्या नोकरीला चिकटवला! दारोदार तुझे फोटो दाखवत फिरला, हिरा हिरा म्हणून! आणि तू बसल्या जागी, एका बोटानं, त्याला खोटा पाडलास?"

लेक चहाचा कप घेऊन आली होती. तिनं तो माझ्यापुढं ठेवला नाही आणि नवऱ्यापुढंही ठेवला नाही. तशीच हातात धरून उभी. "मामाचा फोटो?" तिनं विचारलं. "मामा पडला त्या जागेचा फोटो तू असा करून दिलास? आणि रात्री माझ्याबरोबर दवाखान्यात येऊन बसलास?"

"नोकरी गेली असती गं. आणि मी नाही म्हणालो असतो तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंच असतं."

"घेऊ दे की! दुसऱ्याच्या घरात झालं असतं. माझ्या घरात तर झालं नसतं."

असं तिचं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. माझा राग मोठा, पण आवाजाचा. तिचा राग आवाज न करणारा. मला एकदम तिच्या आईची आठवण झाली आणि जावयाची थोडी कीव पण आली. थोडीच.

"मूळ फोटो कुठाय?" मी विचारलं.

"आहे. मूळ फोटोला हात लागतच नाही, बाबा. वरचं सगळं शून्यावर आणलं की तो परत दिसतो."

"मग आण शून्यावर."

त्यानं लॅपटॉप मिटून घेतला. मी उठलो. जिन्यात मागून आला, म्हणाला, "बाबा, मला जरा विचार करू द्या."

"कर. मेहुण्याला तेवढी सवड मिळाली नाही, तू घे."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जावयाला गाढव म्हणालात?"

"म्हणालो."

"तोंडावर?"

"तोंडावर."

ती जरा वेळ भांडी लावत राहिली. "बरं केलंत," म्हणाली, आणि एक ताट असं आपटलं की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली.

काही दिवसांनी चौकशी ठेवली, गोदामाच्याच ऑफिसात. तळमजला, पुढं सगळी काच, काचेबाहेर आवार. हेड ऑफिसच्या एक बाई आल्या होत्या, शेवटचा शब्द त्यांचा. मेहुणा चाकाच्या खुर्चीत, पाय पुढं सरळ. जावई कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन, पडद्यावर फोटो दाखवायला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, मी त्याच्याकडं बघितलं नाही. काय ठरवलंय, कुणाला ठाऊक. गोदामातल्या सगळ्यांनी तो मेलेला पट्टा बघितला होता, पण साहेबापुढं तोंड उघडायचं म्हटलं की प्रत्येकाला घरचं आठवतं. बाहेर उभे होते सगळे, काचेला नाक लावून.

साहेबानं फोटो दाखवला, पट्टा दाखवला, निष्काळजीपणा हा शब्द चार वेळा चघळला. मग मेहुण्याला विचारलं, "तुम्ही तेव्हा बोलत होता की नाही?"

"मी तर आत्ता पण बोलतोय, साहेब," मेहुणा म्हणाला. "तोंड चालू असलं की डोळे बंद होतात असं थोडंच आहे? तुमचं बघा की, मघापासून चालूच आहे."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी टेबलावर टकटक केलं. मी उठलो.

"कुठं निघालात?" साहेब.

"साक्षीदार आणतो."

गेलो, म्हातारीवर बसलो आणि आवार ओलांडून ती अशी आणली की माल उचलायचे काटे काचेपासून वीतभर. काच थरथरली. बाई उठून उभ्या राहिल्या. मी वरूनच ओरडलो, "बाई, ही माझी गाडी! आणि पडद्यावर कोपऱ्यात उभी आहे ती पण माझीच गाडी! घ्या जुळवून!"

बाईंनी आत बघितलं, बाहेर बघितलं. परत आत बघितलं.

"तेव्हापासून मळली असेल," साहेब म्हणाला.

"साहेब," फिटर बाहेरून म्हणाला, "एवढा मळ बसायला निदान एक जन्म लागतो."

हसले सगळे. पण साहेब पक्का. "मॅडम, कॅमेऱ्यात रंग नेहमीच उजळ येतात. उन्हाचा फरक असतो. गाडी जुळत नाही म्हणून पट्टा नव्हता असं होत नाही." आणि बाईंनी मान डोलावली! "हे खरं आहे," म्हणाल्या, "फोटोत फरक पडतो."

मी गाडीवरच बसून राहिलो. एवढी म्हातारी दारात आणून उभी केली, आणि तिलाही खोटी पाडली. मेहुणा खुर्चीत मान खाली घालून बसला. तो गप्प बसला, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

तेवढ्यात बाहेरचे लोक काचेतून आत बोटं दाखवायला लागले. पडद्यावरचा फोटो हलत नव्हता, पण बदलत होता. कोपऱ्यातल्या म्हातारीचा तजेला हळूहळू उतरत गेला, आणि ती परत म्हातारी झाली. माझी. आणि तसाच कडेचा पट्टा विझत गेला, विझत गेला, आणि फरशीच्या काळपटात बुडून गेला. बाकी सगळं जिथल्या तिथं. खोकी, भिंती, तेलाचा डाग.

"हे काय करताय?" बाईंनी विचारलं.

जावई उभा राहिला. "काही नाही, मॅडम. पिवळ्याचा वाढवलेला उजेड शून्यावर आणला. हा मूळ फोटो. मी काढला तेव्हा असा होता."

"तुला हे कुणी करायला सांगितलं?" साहेब भडकला.

"उजळायला तुम्ही सांगितलं होतं, साहेब. हे कुणी नाही सांगितलं."

मेहुण्यावरचा ठपका निघाला. बरा झाल्यावर त्याला फाटकावर बसून करायचं काम दिलं, आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला त्याच्या गप्पा ऐकाव्या लागतात. जावयाला आठवड्याच्या आत सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आणि साहेब? साहेब तिथंच आहे. त्याच केबिनमध्ये, त्याच खुर्चीत. वर कळवलं गेलं की फोटोवाल्याकडून जरा जास्तच उजळ झालं, गैरसमज झाला, पट्टा तर आता मारलेलाच आहे. सकाळी समोर आला की हसतो माझ्याकडं बघून. मी म्हातारी सुरू करतो.

जावई आता घरूनच फोटोचं काम करतो, मिळेल तसं. रविवारी दोघं येतात. लेक त्याच्याशी परत नीट बोलायला लागली, पण वेळ घेतला तिनं, आणि मी मधे पडलो नाही. माझं अरेतुरे सुरू झालं ते काही परत मागं गेलं नाही. "अरे गाढवा, घे ना अजून," म्हणतो, आणि बायको ऐकूनही ऐकत नाही. त्याला ते जावईबापूपेक्षा आवडतं असं मला वाटतं. विचारलं नाही.

परवा एक रंगारी आला. हातात पिवळ्या रंगाचा डबा. म्हणाला, वरून हुकूम आहे, गोदामातल्या सगळ्या गाड्या रंगवून घ्यायच्या, पहिली तुमची.

"कुणाचा हुकूम?"

"साहेबांचा."

मी म्हातारीवर चढून बसलो आणि काटे वर घेतले. "हिला ब्रश लावलास तर डब्यासकट उचलून तुला सगळ्यात वरच्या मांडणीवर ठेवीन. मग बस तिथं माल होऊन."

रंगारी बिचारा डबा पोटाशी धरून मागं सरला. फाटकावरून मेहुण्यानं सगळं बघितलं होतं. तिथूनच ओरडला, "दाजी, निदान नंबर तरी रंगवू द्या! कुठली गाडी आली ते मला दिसत नाही हो!"

"आवाजावरून ओळख!" मी ओरडलो, आणि रिकामीच गाडी घेऊन निघालो.